जुलैतला पिवळा धोबी

माझ्या मूर्खपणाचे किस्से माझ्याच तोंडून ऐकायला लोक मला चहा पाजतात, एवढी पत मी डिचोलीच्या बाजारात कमावली आहे. आज तुम्ही पाजलात, म्हणून तो धोब्याचा सांगतो. कपड्यांचा नव्हे, पक्षी.

माझं भुसारी दुकान. तांदळाची प्रत बोटांना कळते, पण कॅमेरा मला कोणी शिकवला नाही. चुकत चुकत शिकलो. आमच्या इथल्या कॅमेरा क्लबाचा मेंबर झालो आणि गणपतीची चवथ झाल्यावर क्लबाने पक्ष्यांच्या फोटोंची स्पर्धा ठेवली. एकाने एकच फोटो द्यायचा. आता एकच म्हटल्यावर कुठला द्यायचा?

माझ्याकडे सांगण्यासारखे तीन. घारीच्या फोटोत विजेचा खांब फार सुरेख आला होता, घार शोधावी लागे. बुलबुलाची नुसती शेपटी. तिसरा मात्र एक नंबर. सर्वणच्या शेतात हिरव्यागार भाताच्या मेरेवर, म्हणजे बांधावर, पिवळा धोबी, चोचीत किडा, एक पाय उचललेला, तागडीच्या काट्यासारखा तोललेला. तिन्ही फोटो गल्ल्यापाशी मांडून ठेवले. डाळ घ्यायला येणारं प्रत्येक माणूस धोब्यावरच बोट ठेवायचं.

मग अडचण कसली? अडचण फॉर्मची. फोटोखाली जागा आणि तारीख लिहायची होती. तारखेपाशी माझं पेन थांबलं.

तो फोटो जानेवारीतला. त्या दिवशी धारगळला माझ्या मेहुण्याची, बाबुलीदादाची, वास्तुशांती होती. घरचा जावई म्हणून पहिला मान माझा. आणि मला आदल्याच दिवशी कोणीतरी सांगितलेलं, सर्वणला धोबी उतरलेत. काय करावं माणसाने? सकाळी चहाचा गरम पेला कपाळाला लावून ठेवला आणि शालनला, म्हणजे बायकोला, हाक मारली. तिने कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. बिचारी पेज करून ठेवून, डोळे पुसत एकटी गेली. तिची बस वळणाआड झाली तशी मी स्कूटर काढली.

तिकडे बाबुलीदादाने काय केलं माहीत आहे? भरल्या मांडवात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, की बा देवा म्हाराजा, आमच्या भावोजींचो ताप उतरून टाक. आणि पन्नास माणसं एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणाली. म्हणजे माझी थाप नुसती शालनच्या माहेरीच नाही, देवाच्याही कानावर गेली.

आता ती तारीख फोटोखाली कशी लिहू? प्रदर्शन बघायला शालनने आख्खं धारगळ बोलावलेलं. बायको एक वेळ माफ करील, पण गाऱ्हाणं घालणारा मेहुणा?

मी डोकं चालवलं. जानेवारीत शेतात वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, हिरवं असतं, जुलैत पावसाळी भात हिरवं असतं. फोटोत कोण ओळखणार? लिहून टाकलं, जुलै.

चौथ्या दिवशी क्लबाच्या सेक्रेटरींचा, नाईक सरांचा, फोन. आवाज एकदम खाली.

"शेट, जुलै नक्की?"

गिऱ्हाइकाला एकदा सांगितलेला भाव मी उतरवत नाही. म्हटलं, "नक्की म्हणजे? भर पावसात मेरेवर उभा राहून काढलाय."

"बरोबर कोण होतं?"

"एकटाच होतो."

"मग सध्या कोणाकडे बोलू नका. बक्षीस समारंभाला पणजीहून वनखात्याचे साहेब येतायत. ते तुम्हाला सगळ्यांसमोर विचारतील."

फोन ठेवला. वनखातं? माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जून-जुलैत मासे अंडी घालतात म्हणून ट्रॉलर बंद असतात. मग पक्ष्यांचीही बंदी असणार. बंदीच्या महिन्यात मी पक्षी टिपला, आणि वर सहीनिशी लिहून दिलं. साक्षीदार होता का, तेही सरांनी विचारून घेतलं. केस तयारच झाली की.

फोटो परत मागितला, तर म्हणे तो साहेबांकडे पोचला. दुसऱ्या दिवशी गळ्यात दुर्बिणी अडकवलेले तिघे दुकानात आले आणि जागा कुठली ते विचारू लागले. मी त्यांना म्हटलं, मला काही आठवत नाही. आणि गूळ मागितला होता त्याला मीठ बांधून दिलं.

जेवण सुटलं. जुलै म्हटलं तर कोठडी, जानेवारी म्हटलं तर शालन. रात्ररात्र तोलून बघितलं, दोन्ही पारडी सारखीच. शालनने कपाळाला हात लावला, म्हणाली, "ताप इलोसो दिसता," आणि पेज टाकली.

समारंभाला पहिल्या रांगेत शालन, शेजारी बाबुलीदादा. साहेबांनी माझाच फोटो हातात घेतला. म्हणाले, "हा फोटो खरोखर जुलैतला असेल, तर..."

त्या 'तर'च्या पुढे मला कोठडीचे गज दिसले. मी उभा राहिलो.

"साहेब, जुलै नव्हे. जानेवारी. बाबुलीदादाच्या वास्तुशांतीची सकाळ. खोटं वाटत असेल तर ते समोर बसलेत, त्यांनाच विचारा. त्या दिवशी मी घरी तापाने आजारी होतो."



साहेब सावकाश म्हणाले, की हा पक्षी थंडीत येतो आणि उन्हाळ्यात निघून जातो. भर जुलैत तो इथे कोणी पाहिलेला त्यांच्या ऐकिवात नव्हता. तसं खरंच घडलं असतं तर मोठी गोष्ट होती, म्हणून ते मुद्दाम माझा सत्कार करायला आले होते. मी बंदीचं विचारलं. कसली बंदी, ते त्यांना कळलंच नाही. तबकातली शाल नाईक सरांनी परत घडी करून ठेवली. खोट्या तारखेमुळे फोटोही बाद.

बाबुलीदादा उठून माझ्याजवळ आला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"भावोजी, देवाक आता परत नारळ ठेवन सांगूक व्हया. ताप नाय होतो, धोबी होतो."



गेल्या महिन्यात मला खराच ताप आला. तीन चादरी पांघरूनही दात वाजत होते. शालन दारात उभी राहिली. कपाळाला हात लावला नाही. आधी खुंटीवरची स्कूटरची चावी काढून कमरेला खोचली.

"आज खंयचो पक्षी इलोहा?"

"अगो, देवाची शपथ. खराच ताप आहे."

"व्हय म्हाराजा," शालन म्हणाली.