मागची गिटार

रिग्गईतल्या बिल्डिंगखालून गाडी बाहेर काढली की लक्ष्मीकांत गायधनी आधी एसी बंद करायचा. कुवेतमध्ये, भर ऑगस्टात. काचा वर, एसी बंद, कपाळावरून घामाच्या धारा, अशा अवस्थेत हा माणूस मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीच्या रस्त्याला लागायचा. शेजारच्या गाडीतून बघणाऱ्याला वाटावं, बिचाऱ्याचा एसी बिघडलाय. एसी उत्तम होता. गायधनीला स्वतःचे कान तपासायचे असत आणि एसीची घरघर त्या कामात आड येई.

तपासायचं साधन म्हणजे एक जुनी कॅसेट. तिच्या पहिल्या बाजूला तिसरं गाणं. गाणारा पोरगा रडवेल्या आवाजात काहीतरी सांगतोय, त्याच्याखाली एक गिटार सरळ चाललीय, आणि दुसऱ्या कडव्यापासून मागे आणखी एक गिटार, पार वरच्या तारांवर, बारीक किणकिणत. ती मागची गिटार ऐकू आली की गायधनी एसी लावायचा आणि उरलेला रस्ता माणसासारखा जायचा. ती रोज ऐकू यायची. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच भीती, पुन्हा एसी बंद. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण गायधनीचा ब्रह्मराक्षस असा की गाडीत शेजारच्या सीटवर बसूनच यायचा.

कॅसेट त्याला मिळाली ती आखाती लढाई संपल्यानंतरच्या वर्षी, रिफायनरी पुन्हा उभी करायला देशोदेशीची माणसं आली होती तेव्हा. त्यांत मँचेस्टरकडचा एक इंग्रज तंत्रज्ञ होता. जेवणाच्या सुट्टीत साइटवरच्या केबिनच्या कोपऱ्यात बसायचा, कोणाशी बोलायचा नाही, वॉकमन ऐकायचा. गायधनीही कोणाशी बोलणारा नव्हता, त्यामुळे दोघांचं जमलं. एकदा इंग्रजानं हेडफोन काढून त्याच्या कानाला लावला. गायधनी नाशिकला असताना ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. म्हणजे काय, तर गणपतीत आणि लग्नात, स्टेजवर सगळ्यांच्या मागे उभं राहून, गाणारीला ठेका द्यायचा. त्याचा आवाज मांडवातल्या पहिल्या रांगेलाही पोचत नसे. आणि इथं ही इंग्रज पोरं, ऐंशीच्या दशकातली, बंद पडलेल्या गिरण्यांच्या गावांतली, कुणाच्या तरी मागच्या खोलीत चालणाऱ्या चिमुकल्या कंपन्यांसाठी रेकॉर्डी काढणारी. त्यांच्याकडे ना मोठा बँड, ना अंगात आल्यासारखा गिटार वाजवणारा हिरो. तारा नुसत्या मोकळ्या सोडलेल्या, घणघणणाऱ्या. त्या मागच्या गिटारीवरच सगळं गाणं उभं होतं. शब्द त्याला अर्धेच कळले, पण लाजऱ्या माणसाला लाजरा माणूस ओळखू येतो. इंग्रज परत जाताना ती कॅसेट त्याला देऊन गेला.

आता कानाची एवढी धास्ती कशासाठी, ते सांगायला हवं. गायधनी एका कंत्राटदार कंपनीकडून कॉम्प्रेसर हाउसमध्ये कामाला होता. तिथला आवाज असा की शेजारी उभ्या माणसाशी हातवाऱ्यांनी बोलावं लागतं. कानांवर मोठी कानपट्टी घालायचा नियम होता आणि ती सगळे घालत. गायधनीही घालायचा, पण एका बाजूची वर सरकवून. कारण बेअरिंग बिघडायला लागलं की त्याचा आवाज मीटरच्या आधी त्याला कळायचा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि ऐकायचं. ‘गायधनीभाई को बुलाओ’ अशी हाक आली की त्याची छाती दोन इंच फुगे. मागे उभं राहून आयुष्य काढलेल्या माणसाला कोणी पुढे बोलावलं तर तो कानपट्टी सरकवणारच. चूक होती, पण अशा चुका माणूस मिरवण्यासाठीच करतो.

मग झहूरचं झालं. झहूर त्याच्याच पाळीतला, लाहोरचा, त्याच्याआधीपासून कुवेतमध्ये असलेला. वार्षिक तपासणीत त्याचे कान नापास झाले. कंपनीनं त्याला मशीनवरून काढलं, दुसरीकडे जागा नाही म्हटलं आणि अकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, रद्द करून घरी पाठवलं. त्याची दोन मुलं शाळेच्या मधल्या वर्षात उठून गेली. निरोप घ्यायला आला तेव्हा गायधनी त्याला म्हणाला, “ख़ुदा हाफ़िज़, भाई.” झहूर म्हणाला, “ज़रा ऊँचा बोलो.”

त्या दिवसापासून गायधनीचा जीव टांगणीला लागला. त्याची मुलगी जुईली आठवीत होती. इथल्या भारतीय शाळेत वाढलेली, नाशिकला गेली की दुसऱ्या दिवशी परत कधी जायचं विचारणारी पोर. तिला दहावीच्या तोंडावर उपटून कुठं लावणार? दर वर्षी तपासणीचा महिना जवळ आला की गायधनीचं जेवण कमी व्हायचं. तपासणीला आवाजबंद पेटीत बसवत, कानात सूर वाजला की बटण दाबायचं; त्या पेटीला काच होती. काचेतून तंत्रज्ञाचा हात दिसायचा. हात हलला की गायधनी बटण दाबायचा. दोन वर्षं अशी निभावली. याला तो स्वतःशी फसवणूक म्हणत नसे. “ऐकू येतंच मला,” तो म्हणे, “हात आपला खात्रीसाठी.” आणि खात्रीची खात्री म्हणून रोज सकाळी कॅसेट.

त्याची बायको शर्मिला एका खासगी दवाखान्यात नर्स होती. तिच्यापासून काय लपणार?

“टीव्ही केवढ्यानं लावलाय. खालच्या मजल्यावर ऐकू जातोय.”

“आवाजच बारीक आहे त्या बाईचा.”

“आणि माझा?”

“तू हल्ली हळू बोलतेस.”

“कान दाखवून या एकदा.”

“माझे कान तुझ्यापेक्षा चांगले आहेत,” असं म्हणून गायधनी बाल्कनीत निघून जायचा. आपलं दुखणं आपल्याच घरात चोरून ठेवणारा माणूस फार एकटा पडतो. गायधनी पडला होता.

दहावीच्या वर्षी जुईलीला गिटारचं वेड लागलं. इंटरनेटवरून ती नव्या इंग्लिश बँडची गाणी उतरवून घ्यायची. एका शुक्रवारी सगळी गाडीतून बाजाराला निघाली होती आणि कॅसेट वाजत होती. जुईली मागच्या सीटवरून एकदम पुढे झाली.

“बाबा, हे काय आहे? माझे सगळे बँड असेच वाजवतात.”

“असेच म्हणजे?”

“अशीच गिटार. सेम. म्हणजे हे सगळे तुझ्या टेपमधून शिकलेत.”

“टेप माझी नाही. पण हो, आधी हे होते.”

ही पोर एरवी बापाला मराठीत उत्तर द्यायचे कष्ट घेत नसे. ती त्या दिवशी अर्ध्या रस्त्यापर्यंत त्याच्याशी बोलत राहिली. मँचेस्टर कुठं आहे, ग्लासगो कुठं, ते बँड मोडले कसे, मोडूनही त्यांची गिटार वीस वर्षांनी हिच्यापर्यंत आली कशी. गायधनीला वाटलं, आपल्याकडे एक इस्टेट होती आणि पोरीनं ती आपणहून मागितली. तो इतका खूश झाला की त्यानं बाजारात भाव न करता मासे घेतले.

मग ठरलं, इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात बापलेकीनं ते तिसरं गाणं वाजवायचं. जुईलीनं पुढची गिटार बसवली. मागची शिकवायला गायधनी बसला. त्यानं वरच्या तारांवर बोटं ठेवली, दुसरं कडवं आलं तशी ती किणकिण वाजवून दाखवली.

जुईलीनं कपाळाला आठ्या घातल्या. “हे कुठे आहे?”

“टेपमध्ये. दुसऱ्या कडव्यात, गाणाऱ्याच्या मागे.”

“टेपमध्ये असं काही नाहीये, बाबा.”

“अगं, रोज ऐकतो मी.”

जुईली खाली जाऊन गाडीतली कॅसेट घेऊन आली. मैत्रिणीकडून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर तिनं ती लावली. दुसरं कडवं आलं. गायधनी बोट वर करून म्हणाला, “ही बघ.”

“बाबा, इथे फक्त टेपची हिस् आहे, खरखर.” मग तिनं कॉम्प्युटरवर तेच गाणं उतरवलेलं होतं ते लावलं. थोडं ऐकून ती म्हणाली, “ओके. यात आहे. तू म्हणतोस तश्शी. पण टेपवर नाहीये. टेप झिजलीय. गाडीत उन्हात भाजलीय. वरचे आवाज गेलेत सगळे.”

शर्मिला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिनं टेप ऐकली आणि नवऱ्याकडे बघितलं.

गायधनी यंत्रातला माणूस. टेप झिजते तेव्हा आधी वरचे बारीक आवाज जातात, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. जी गिटार टेपवर उरलीच नव्हती, ती तो किती काळ रोज सकाळी घाम गाळत ऐकत होता? कान ऐकत नव्हते. आठवण वाजवत होती आणि तो तिला पासाचे मार्क देत होता. जुईलीनं हेडफोन पुढे केला. “यात ऐक, क्लिअर आहे.”

“नंतर,” गायधनी म्हणाला. हात पुढे करायची त्याची हिंमत झाली नाही.

तपासणी पुढच्याच आठवड्यात होती. त्या आठवड्यात त्यानं कॉम्प्रेसरला स्क्रू ड्रायव्हर लावला नाही. कोणी बोलावलं तर दुसऱ्या कामाचं निमित्त काढलं, कारण आता जे ऐकू येईल ते यंत्राचं की आपल्या डोक्यातलं, हे त्याला ठरवता येत नव्हतं. बेअरिंग फुटलं आणि जवळ कोणी असलं तर? ही भीती नोकरीच्या भीतीहून वेगळी होती आणि ती त्याला झोपू देईना.

तपासणीच्या दवाखान्यात पेटी नवी होती. काच पाठीमागे, तोंड भिंतीकडे. हात बघायची सोय संपली. तपासणारी मुलगी लातूरकडची निघाली, सुरेखा नावाची. गावाचं नाव कळल्यावर ती त्याला काका म्हणू लागली. तिनं हेडफोन चढवला, हातात बटण दिलं, ऐकू आलं की दाबा म्हणाली आणि दार लावलं.

शांत. मग लांबून एक बारीक सूर. गायधनीनं बटण दाबलं. आणखी एक, त्याहून बारीक. दाबलं. मग उजवीकडून. दाबलं. त्याच्या अंगातला ताण उतरू लागला. वाटलं, उगीच घाबरलो, आहेत आपले कान, पक्के आहेत. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

दार उघडलं. सुरेखा वाकून म्हणाली, “काका, दाबताय कशाला? मशीन अजून चालूच केलं नाही मी.”

गायधनीनं बटणावरून अंगठा उचलला.

“होतं असं,” ती म्हणाली. “घाबरलं की होतं. आता करते चालू. खात्री असंल तरच दाबा.”

दार पुन्हा लागलं. आता आवाज येत होते का? येत असतील. यायला हवेत. त्याला सगळीकडून सूर ऐकू येत होते आणि त्यातल्या एकावरही त्याचा विश्वास उरला नव्हता. खात्री असेल तरच, असं ती म्हणाली होती. गायधनीनं आयुष्यात पहिल्यांदा या पेटीत खरेपणा केला. बटणावरचा अंगठा बहुतेक वेळ तसाच राहिला.

बाहेर आल्यावर सुरेखानं आलेख दाखवला नाही. “डॉक्टर सांगतील,” म्हणाली आणि त्याच्यासाठी पाणी आणलं.

पुढचे दिवस शर्मिला आणि तो नाशिकच्या शाळांची नावं हळू आवाजात, म्हणजे तिच्या हळू आणि त्याच्या मोठ्या आवाजात, बोलत राहिले. आणि मग कंपनीनं बोलावून सांगितलं की कान नापास, कॉम्प्रेसर हाउसमध्ये जाणं बंद, उद्यापासून यंत्रांवरच्या कामाचे परवाने देणाऱ्या परमिट ऑफिसात बसायचं. ओव्हरटाइम नाही, पण अकामा चालू. परमिटवाला माणूस नेमका गेल्याच महिन्यात कॅनडाला गेला होता. झहूरच्या वेळी जागा नव्हती, गायधनीच्या वेळी निघाली, यात न्याय शोधायला जाऊ नये. शर्मिलानं त्या दिवशी शिरा केला. ज्याच्यापायी इतकी वर्षं जेवण गोड लागलं नव्हतं ते संकट दारावरून निघून गेलं, आणि गायधनी शिऱ्याची वाटी हातात घेऊन विचार करत बसला की मग आपल्याला रडू का येतंय.

संध्याकाळी जुईली तिच्या खोलीत गिटार घेऊन बसली होती. तो जाऊन शेजारी बसला.

“दे तो हेडफोन.”

तिनं गाणं लावलं. गाणारा पोरगा आला. पुढची गिटार आली. दुसरं कडवं आलं. जुईली त्याच्या तोंडाकडे बघत होती. गायधनीनं डोळे मिटले नाहीत, बोट वर केलं नाही. डोक्यात ती किणकिण सुरू व्हायला टपलेली होती, तिला त्यानं नेटानं बाजूला सारलं आणि नुसतं कानांनी ऐकलं.

“येतेय?”

“नाही.”

तिनं आवाज वाढवला. त्यानं मान हलवली. तिनं आणखी वाढवला, मग शेवटपर्यंत. गाणारा पोरगा फाटायला लागला, ढोल डोक्यात बसायला लागले. हेडफोनच्या कडेतून गाणं बाहेर सांडू लागलं आणि शेजारी बसलेल्या जुईलीला ती मागची गिटार तिथूनही स्पष्ट ऐकू येत होती. “आता? बाबा, आत्ता वाजतेय ती. आत्ता.”

गायधनीला तिचे ओठ दिसले. त्यानं हेडफोन काढला. तो तिच्या हातात दिला नाही, मांडीवर ठेवला आणि आवाजाचं बटण शोधून खाली आणलं, पार खाली.

“तू एवढ्या मोठ्यानं कधी लावू नकोस,” तो म्हणाला.