सपाटमामाचा पुठ्ठ्याचा तुकडा

माझ्या मामाला आम्ही भाचरं सपाटमामा म्हणतो, आणि ते त्याला ठाऊक आहे. पुस्तकबांधणी हा त्याचा धंदा. जगात जे काही फुगलेलं, वाकलेलं, चुरगळलेलं आहे ते दाबून सरळ करता येतं, यावर त्याची अढळ श्रद्धा. भिजलेल्या वह्या, मामीचे रुमाल, वाकडी झालेली टोपी, सगळं त्याच्या लोखंडी दाबयंत्रातून गेलेलं आहे. वरचं चाक फिरवलं की फळी खाली येते आणि सकाळी वस्तू शहाण्यासारखी बाहेर. माझ्या नाकाकडेही त्यानं एकदा त्याच नजरेनं पाहिलं होतं.

हे यंत्र मामीच्या पलंगाच्या पायथ्याशी आहे, कारण घर दोन खोल्यांचं आणि त्यातली मोठी हीच. खुब्याच्या ऑपरेशनपासून मामी बहुतेक वेळ पलंगावरच असते. मांडीवर लॅपटॉप घेऊन ती लोकांची हस्तलिखितं टाइप करते, मामा ती बांधून देतो. तिचं चालणं गेलं, बाजार गेला, मैत्रिणींकडे जाणं गेलं. टाइपिंग तेवढं उरलं. पण लॅपटॉप म्हातारा झाला होता. एक पान उघडेपर्यंत मामीचा चहा निवायचा, आणि काम देणारे कुरकुरायला लागले होते. हेही हातचं गेलं तर ही काय करेल, या काळजीनं मामाची झोप उडाली होती.

मी शाळेतले संगणक सांभाळते. मी म्हटलं, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क, बसवू, पळायला लागेल. पण कुठलीही एसएसडी कुठल्याही लॅपटॉपला चालत नाही, आधी उघडून बघावं लागेल.

झालं! दुसऱ्या कुणी मॉडेल नंबर शोधला असता. मामानं पुठ्ठा कापला. रविवारी मी पोचले तेव्हा त्याच्या हातात दोन तुकडे होते. एक पत्त्यांच्या कॅटाएवढा रुंद, दुसरा बोटभर लांबीची पट्टी, टोकाला खाचसुद्धा पाडलेली. एसएसडीच्या दोन प्रकारांचे, नेटवर बघून केलेले, मापाला एकदम चोख.

"आधी नमुना बसवायचा, मग माल घ्यायचा," मामा म्हणाला. "उघड आता."

मी लॅपटॉप बंद करून चार्जर काढला आणि तो टेबलावर उलटा ठेवला. शेवटचा स्क्रू सुटला आणि मी हात लावायच्या आत झाकण टुणकन वर आलं.

मामा पट्टी घेऊन वाकला. "ही बघ, जागा रिकामी आहे! खाचही जुळतेय. बसतोय की नाही?"

बसत होता. पण मी तिकडे बघतच नव्हते. बॅटरी उशीसारखी टम्म फुगली होती, आणि तिच्या एका कोपऱ्यावर खोल वळ उमटला होता.

"मामा," मी विचारलं, "हा लॅपटॉप कशाखाली ठेवला होतास?"

"झाकण फुगत होतं ना," तो अगदी सहज म्हणाला. "म्हणून रोज संध्याकाळी यंत्रात घालतो. हळूहळू दाब वाढवत आणलाय. आता बऱ्यापैकी बसलंय."

मला असा संताप आला की काय सांगू! "अरे, फुटली असती ही! भडकन पेटली असती! चारी बाजूंना कागद, आणि मामीला उठून पळताही येत नाही!"

मामाचा चेहरा पांढराफटक पडला. तो एकदा यंत्राकडे बघे, एकदा पलंगाकडे. मी लॅपटॉप तसाच अलगद उचलला आणि बाहेर उघड्यावर, फरशीवर ठेवून आले. आत आले तर मामा जमिनीवर बसला होता. पट्टी अजून त्याच्या मुठीत होती.

"दुकानात नेला असता तर म्हणाले असते, टाकून द्या," तो मामीला म्हणाला. "मग तू काय केलं असतंस? म्हणून गप्प बसलो."

"गरम तर मलाही लागायचा," मामी म्हणाली. "पण सांगितलं असतं तर तुम्ही काढून घेतला असता."

"गरम? किती गरम?"

मामा उठला, तिच्या पायांवरची चादर त्यानं बाजूला केली आणि गाऊन जरासा वर सरकवला. मांडीवर उष्णतेच्या तपकिरी डागांची जाळी उठली होती. अख्ख्या पानावरचा शाईचा एक ठिपका दुरून पकडणारा माणूस हा, आणि याला हे दिसलं नव्हतं. मी डॉक्टरांचं काहीतरी बोलले, ते कुणी ऐकलं नाही. मामा तोंडावर हात घेऊन ढसाढसा रडत होता.

"दुखत नाही हो," मामी म्हणाली. मग भीतभीत, "बसला का तो तुकडा?"

"बसतो," मामा म्हणाला. "नवी बॅटरी घालू, नवी डिस्क घालू. लॅपटॉपसाठी पलंगावर ठेवायचं छोटं टेबल करतो मी. मांडीवर मात्र नाही."

त्यानं मूठ उघडली. पट्टी दुमडून पार वाकडी झाली होती. त्यानं ती सरळ केली नाही. तशीच मामीच्या हातात ठेवली.