साळीच्या पोराची बिअर

नाशिकला भाच्याच्या बिअरच्या कारखान्यात शिरताशिरताच मी प्रसाद समजून गुरांचं खाद्य खाल्लं. दारात घमेलंभर जव होते, वाफाळलेले, गोडसर वासाचे. पूजा झालेली दिसते, असं माझं मीच ठरवलं. उजव्या हातावर घेतले, कपाळाला लावले आणि तोंडात टाकले. भाचा धावत आला.

"काका, रस काढलेला चोथा हाये तो! गाईवाला नेते."

"तरीच. म्हटलं, साखर कमी पडली," असं म्हणून मी गिळलं.

बायको हसली नाही. अमरावतीहून ती आलीच होती तपासणीला. हा तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. घरी नांदगाव खंडेश्वरला कोरडवाहू कापूस. नापिकीच्या त्या वर्षांत आमच्याकडे कुणी हातची नोकरी सोडली की घरात सुतकच. याने सोडली, तीही दारू गाळायला! चार महिने आई त्याच्याशी बोलली नव्हती. "तू पाहून ये बाई, मंग पाहीन," एवढंच तिने बहिणीला सांगितलं होतं.

वाइनच्या गावात बिअर काढायची म्हणजे हिंमतच. जागा आमच्या दोन खोल्यांएवढी, त्यात तीन चकचकीत टाक्या. आणि बिअरमध्ये काय, तर वरूडच्या संत्र्यांची साल! बारीक म्हणून व्यापारी बाजूला सारतात, ती फळं हा मागवायचा. मी एक घोट घेतला. आधी कडू, मग मागून आख्खी संत्र्याची बाग. दुसरा घोट खात्री करायला घेतला. तिसऱ्याला कारण सापडलं नाही.

बायकोने ग्लासाला हात लावला नाही. टाकीच्या झाकणाखालून बोट फिरवलं, उजेडात धरून पाहिलं. नळीचं तोंड हुंगलं.

"हे घासते कोण?"

"मीच, मावशी. अर्धा दिवस धुण्यातच जाते. जराक राहिलं त आख्खी टाकी नासते, फेकून द्या लागते."

"मंग माणूस काहून नाही ठेवत?"

"दुसऱ्याच्या हातचं मले पटत नाही."

तिने त्याचे हात उलटेपालटे करून पाहिले. पाण्याने पांढरे पडलेले, बोटांना भेगा. तो निकालाच्या दिवशीसारखा उभा. मीही घोट तोंडातच धरून.

बाहेर आल्याबरोबर तिने बहिणीला फोन लावला.

"ये तू बिनधास्त. भांडे तुह्या-माह्यापेक्षा साफ ठेवते तो. अन् येतानी खोबऱ्याचं तेल आण, हात फाटले पोराचे."