वडाला ऊन कमी पडतंय

नगर जिल्ह्यात पाणी कमी पडतं हे सगळ्यांना माहीत आहे. ऊन कमी पडल्याची तक्रार मात्र फक्त आमच्या घरातून आली.

नवरा सुप्याच्या कारखान्यातून रिटायर झाला तेव्हा निरोपसमारंभात घड्याळ नाहीतर चांदीचं नाणं मिळेल अशी माझी अपेक्षा होती. मिळाला वड. उथळ ताटलीत लावलेला, वीतभर उंचीचा, पारंब्यांसकट. हाताखालच्या लोकांनी हौसेने पुण्याहून आणला होता. "साहेब, झाड जपा," असं म्हणून त्यांनी तो हातात दिला, आणि आमचा माणूस नातवंडाला घ्यावं तसा त्याला मांडीवर घेऊन केडगावपर्यंत आला.

वड हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवला, कारण तिथे तो शोभत होता. थोड्याच दिवसांत पानं पिवळी पडून गळायला लागली. नवऱ्याने पाणी वाढवलं. पानं आणखी गळाली. सकाळी मी उठायच्या आत तो गळलेली पानं गोळा करून खिशात लपवायचा. पँट धुवायला मीच टाकते, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. कारखान्यातून फोन आला की झाडाकडे पाठ करून सांगायचा, "झाड? एकदम मस्त!" मग ती मंडळी म्हणाली, "दसऱ्याला सोनं द्यायला येतो, झाडही बघतो." झालं. माणसाचं जेवणातलं लक्ष उडालं. दसऱ्यापर्यंत वड जगायला हवा होता, नाहीतर हा मला जगू देणार नव्हता.

माझा भाऊ श्रीरामपूरकडे शेती करतो. तो आला आणि चप्पल काढता काढताच म्हणाला, "दाजी, ह्याला उपाशी ठिवलंय व्हय?"

"रोज पाणी घालतोय," नवरा म्हणाला.

"पानी न्हाई वो, ऊन! वड हाय त्यो. त्याला काय टीव्ही बघायचाय?"

दुसऱ्या दिवशी वड बाहेर ओट्यावर गेला. आमचं घर तळमजल्यावर. दुपारी शेजारची शेळी आली आणि एक अख्खी बाजू साफ करून गेली. शेळीला वडाचा पाला फार आवडतो, आणि इथे तर तो तिच्या तोंडाच्या उंचीवर ताटात वाढलेला होता.

मग नवऱ्याने मोबाईलवरून झाडांसाठीचा खास दिवा मागवला. दिवा निघाला जांभळा. तो त्याने छताला टांगला. हॉल जांभळा, सोफा जांभळा, आम्ही दोघं जांभळे. जाळीच्या दारातून तो उजेड रस्त्यापर्यंत पडायचा, बारच्या पाटीसारखा. एका संध्याकाळी बेल वाजली. दारात हेल्मेट हातात घेतलेले दोघं.

"ताई, फॅमिली सेक्शन कुठून हाय?"

"फॅमिलीच आहे," मी म्हटलं, "पण आमची."

एकाने माझ्या खांद्यावरून आत डोकावलं. जांभळ्या उजेडात नवरा मांडी घालून वडासमोर बसला होता, एकटाच. डोकावणारा दुसऱ्याला हळूच म्हणाला, "चल रे, हितं येगळंच काय तरी चालतंय."

दिवा त्याच दिवशी उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉलमध्ये उभी राहून नीट बघितलं. पूर्वेला चांगली मोठी खिडकी. तिच्यावर दुहेरी पडदा आणि काचेला काळी फिल्म, कारण उन्हाने सोफ्याचं कापड विटतं. म्हणजे खिडकीतून फुकट येणारं ऊन अडवायचं आणि मोबाईलवरून ऊन विकत मागवायचं. मी पडदे काढले, काचेवर साबणाचं पाणी मारलं आणि स्वयंपाकघरातलं उलथणं घेऊन फिल्म खरवडायला घेतली.

"अगं, सोफा!" नवरा ओरडला.

"सोफा बघायला कोणी येणार नाहीये," मी म्हटलं.

वडाला काचेपाशी स्टुलावर बसवलं. सुरुवातीला मध्ये जुनी ओढणी धरली, कारण अंधारात राहिलेली पानं एकदम उन्हात नेली तर करपतात. अधूनमधून ताटली फिरवायची, म्हणजे झाड एकाच अंगाला वाढत नाही. मातीत बोट घालून बघितल्याशिवाय पाणी घालायला नवऱ्याला बंदी. पावसाळी दिवसांत साधी पांढरी ट्यूब लावली, पण छताला नाही, झाडाच्या डोक्यावर वीतभर. झाडाला उजेड लांबून दाखवून उपयोग नसतो.

गणपतीच्या सुमारास एके सकाळी नवरा घराला आग लागल्यासारखा ओरडला, "अगं, ये लवकर!" मी कणकेच्या हातांनी धावले. शेळीने खाल्लेल्या बाजूच्या फांदीला तांबूस टोक फुटलं होतं. गव्हाच्या दाण्याएवढं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि ते टोक तिथेच असल्याची खात्री करून घेतली.

दसऱ्याला मंडळी आली. आपट्याची पानं देऊन झाली, सगळे खिडकीपाशी जमले. वड दाट म्हणावा असा नव्हता, पण हिरवा होता.

"साहेब, खरं सांगू का?" एकजण म्हणाला, "आम्हाला वाटलं होतं, महिन्याभरात जातंय हे."

"छे! फक्त उजेडाचं तंत्र समजून घ्यावं लागतं," नवऱ्याने सुरुवात केली. ऊन कुठल्या दिशेचं, अंतर किती, पाणी कधी. उलथण्याचा उल्लेख नाही, शेळीचा तर नाहीच. मी चहाचा ट्रे घेऊन खिडकीपाशी उभी राहिले. म्हटलं, ऐकू तरी, आम्ही हे कसं केलं.

त्याने बोलता बोलता वर बघितलं.

"अगं, जरा सरक. झाडाचा उजेड अडतोय."

मी सरकले. चहा फक्त पाहुण्यांना दिला.