पाहणीचा हात

छावणीत त्याला खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे सफेदा म्हणत. तरुणपणीच भुवयांवर रंगाचे थेंब बसले आणि पुढे भुवयाच पिकल्या, तेव्हा थेंब कुठला आणि केस कुठला हे त्याच्या बायकोलाही सांगता येईना. सैनिकांच्या वसाहतीतली घरं रंगवणं ही त्याची नोकरी. साहेब लोक त्याच्याविषयी म्हणत, याच्या हाताला यश आहे. एरवी डॉक्टरविषयी बोलतात तसं हे बोलणं, त्यामुळे सफेदा ते ऐकून दिवसभर खुशीत असे. कुणीही असता.

आता हे यश कशातलं, तेही सांगून टाकावं. वसाहतीतल्या घरांच्या भिंतींमधून गच्चीवरचं पाणी खाली आणणारे पाइप गेलेले होते आणि ते आतल्या आत फुटले होते. पाइप बदलायचे तर भिंती फोडायच्या, भिंती फोडायच्या तर वरून मंजुरी हवी, आणि वरच्यांना तर भिंती कोरड्या दिसत. कशा दिसत? तर पाहणी जाहीर झाली की मुकादम आधी सफेदाला गाठी. सफेदा ओल्या भिंतीचे पोपडे लोखंडी पत्रीनं खरवडी, समोर शेगडी ठेवून भिंत शेकून काढी, तिला लाकडाच्या पॉलिशचा चपडा पातळ करून चोपडी आणि मग वरून रंग देई. महिनाभर ती भिंत शहाण्यासारखी वागे. पुढे पहिल्यापेक्षा जोरात फुगे, कारण कोंडलेलं पाणी जाणार कुठे? पण तोवर पाहणीवाले चहा पिऊन, समाधान व्यक्त करून गेलेले असत. या कामाला वसाहतीत नावच पडलं होतं, पाहणीचा हात.

सफेदाला यात काही खटकत नसे. पाइप नळवाल्याचा, मंजुरी साहेबाची, आपला फक्त रंग, असा त्याचा सरळ हिशेब होता. सोयीचे हिशेब नेहमी सरळच असतात.

त्याची एकुलती एक लेक एका जवानाला दिली होती. जावयाची नेमणूक दूर सीमेवर, पण बायकोला राहायला घर मिळालं ते नेमकं याच वसाहतीत, तळमजल्यावर, रांगेतलं शेवटचं. सफेदाला आभाळ ठेंगणं झालं. लेक हाकेच्या अंतरावर, वर्षभरात मांडीवर नात, आणखी काय हवं? जावई सुट्टीवर आला की सासरे-जावई दारात खुर्च्या टाकून बसत. जावई मोठा गमत्या. एकदा त्यानं सांगितलं, की प्रशिक्षण बघायला मोठे लोक येतात तेव्हा आम्हाला नवे बूट मिळतात, आणि ते गेले की बूट परत जमा. "मामा, माझे पाय अजून पाहणीतून पास व्हायचेत," तो म्हणाला. सफेदा पोट धरून हसला. ज्या दिखाव्याला आपण हसतो त्यात आपलाही वाटा आहे, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नाही.

शेवटच्या घरातला पाइप सगळ्यांत वाईट होता. पाळण्यामागची भिंत खालपासून कमरेपर्यंत काळी पडली, कपाटातल्या कपड्यांना वास धरला, आणि नातीच्या छातीत शिट्टी वाजू लागली. लेकीनं बांधकाम विभागाचे उंबरठे झिजवले. नोंद घेतली आहे, असं उत्तर मिळे. एकदा तर एका बाबूनं तिलाच सुनावलं, की तुम्ही बायका घरात कपडे वाळवता, म्हणून ओल येते. ती घरी येऊन रडली नाही. पाळणा ओढून तिनं खोलीच्या मध्यावर आणला, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला वळसा घालून जावं लागे आणि का ते विचारावं लागे. पोरगी बापापेक्षा खमकी होती.

मग बातमी आली, की या वेळची पाहणी साधी नाही. संसदेची समिती येणार, आणि साहेब दाखवतील ते घर न बघता मनाला येईल त्या घरात शिरणार. अधिकाऱ्यांचं धाबं दणाणलं. मुकादमानं फर्मावलं, की समोरची अख्खी रांग करून टाका, एक भिंत सोडू नका. लेकीला हे कळलं तेव्हा ती बापाला म्हणाली, "बाबा, सगळी घरं करा, पण आमची भिंत राहू द्या. एकदा तरी त्यांना ती बघू दे."

सफेदानं मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ हो असाच होता, आणि त्या दिवशी तो खोटा नव्हता.

पण त्याच आठवड्यात नातीचा श्वास कोंडला आणि लेक तिला घेऊन इस्पितळात राहिली. घराची किल्ली बापाकडे. मुकादम आला आणि कानाशी लागला. जावयाच्या बढतीचे कागद साहेबाच्या टेबलावर आहेत, म्हणाला. ज्याच्या घरानं छावणीची अब्रू जाईल त्याचं पुढे काय होईल ते आपण कसं सांगणार? सफेदाची पाचावर धारण बसली. शिवाय, खरं ते बोलायला हवं, दुसरीही एक गोष्ट होती. सगळी रांग लख्ख आणि सफेदाच्या लेकीचंच घर काळंकुट्ट, हे त्याच्या डोळ्यांना सोसवेना. आणि तिसरी, सगळ्यांत भाबडी: पोर इस्पितळातून येईल तर तिला चार दिवस तरी स्वच्छ भिंत मिळावी. त्यानं शेगडी पेटवली. उभ्या आयुष्यात इतकं मन लावून त्यानं एकही भिंत केली नव्हती. चपड्याचा एक थर देतात तिथे त्यानं दोन दिले.

लेक पाहणीच्याच सकाळी परतली. नातीला खांद्यावर घेऊन ती त्या भिंतीसमोर उभी राहिली. पाळणा त्यानं पुन्हा भिंतीला लावून ठेवला होता, तो तिनं पायानं मध्यावर सरकवला.

आणि समितीला हेच घर बघायचं सुचलं. रांगेतलं शेवटचं, म्हणून. समितीच्या प्रमुख एक वयस्कर बाई होत्या, डोळ्यांवर चष्मा, पायांत साध्या चपला, बोलणं मऊ. मागे साहेब, साहेबांमागे मुकादम, आणि बादली उचलायला राहून गेलेला सफेदा दाराबाहेर. लेकीनं सरळ सांगितलं, की ही भिंत ओली आहे, माझी मुलगी हिच्यामुळे आजारी पडते. बाईंनी पुढे होऊन भिंतीवर तळवा टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. तळवा कोरडा निघाला.

साहेब नुसते हसले. बाई मात्र हुशार होत्या. त्या दाराकडे वळल्या आणि त्यांनी रंगाऱ्यालाच विचारलं, "काका, तुमचा यात जन्म गेला असेल. ही भिंत ओली असते का?"

पत्री सफेदाच्या खिशात होती. काही न बोलता ती काढून बाईंच्या हातात दिली असती तरी भागलं असतं. एक ओरखडा पुरे होता. लेक त्याच्याकडे बघत होती. मुकादमही बघत होता.

"रंग नवीन आहे, बाई," सफेदा म्हणाला.

बाईंना वाटलं, भिंत नवीन रंगवली आहे एवढंच म्हातारा सांगतो आहे. त्या मान डोलावून बाहेर पडल्या. समितीच्या अहवालाचा आधार घेऊन मंत्र्यांनी सभागृहात सांगितलं, की सैनिकांची घरं समाधानकारक आहेत, तक्रारी अतिशयोक्त आहेत. ते सफेदानं आपल्या घरी रेडिओवर ऐकलं. बायकोनं रेडिओ बंद केला आणि ती भांडी घासायला गेली. मंत्र्याला जाब विचारायला सभागृह होतं. सफेदाला कुणी काही विचारलं नाही, आणि तेच त्याला जड गेलं. विचारलं असतं तर बाजू मांडता आली असती.

भिंत महिनाभरात फुगली. लेकीनं पुन्हा तक्रार केली तर उत्तर तयार होतं: घर समितीनं प्रत्यक्ष पाहिलेलं आहे. जावयाची बढती झाली नाही ती नाहीच. तो सुट्टीवर आला, त्यानं भिंत पाहिली, तो सासऱ्याच्या पाया पडला आणि त्यानं बायको-मुलीला शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याची एक खोली करून दिली. त्या वेळी त्यानं एकही विनोद केला नाही.

पुढच्या पाहणीला सफेदानं मुकादमाला नाही म्हटलं. लेकीच्या त्या रिकाम्या घरात जाऊन त्यानं भिंत थेट विटांपर्यंत खरवडली, आतलं पाणी जमिनीवर आलं, आणि तो तिथेच बसून राहिला. मुकादमानं त्या घराला कुलूप लावलं. पाहणीवाले दुसऱ्या रांगेकडे गेले. तिकडे एका नव्या पोरानं रंग दिला होता, आणि पाहणारे म्हणाले, हात चांगला आहे. तो हात त्याला सफेदानंच शिकवला होता.

निवृत्त झाल्यावर एकदा तो लेकीच्या खोलीवर गेला. नात आता शाळेत जाते. दप्तरात वह्यांबरोबर श्वासाचा पंप असतो. दाराजवळच्या कोपऱ्यात पोपडे निघाले होते. लेकीनं चहा टाकला तोवर त्यानं पिशवीतून ब्रश काढला आणि तो म्हणाला, अर्ध्या दिवसाचं काम आहे, करून टाकतो.

लेकीनं ब्रश त्याच्या हातातून अलगद काढून घेतला. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"नको बाबा," ती म्हणाली. "तुमच्या हाताला फार यश आहे. म्हणून नको."

मग तिनं चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला, आणि दोघं त्या कोपऱ्याकडे बघत चहा प्यायले.