अण्णांच्या गाडीचा बझर

"ह्ये दुसरं कीट बी डबडंच निघालं बघ. गप बसलंय नुसतं," अण्णा फोनवर म्हणाले.

अण्णा म्हणजे माझे वडील. वीजखात्यात खांबावर चढून आणि जनरेटरशेजारी राबून अख्खी नोकरी काढलेला माणूस. वायरीच्या गोष्टीत त्यांच्याशी वाद घालू नये. मी घालते. "दोन-दोन कीट कशी बिघडतील अण्णा? तुमचंच काहीतरी चुकलं असेल," मी म्हणाले. त्यांनी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळची एसटी धरून मी नांदेडहून लातूरला निघाले आणि अहमदपूर येईपर्यंत मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत राहिले.

भांडणाखाली भीती होती, हे कबूल करते. महिन्याभरापूर्वी फाटकातून गाडी मागं घेताना अण्णांनी एका मुलीची सायकल चेपली होती. मुलगी उडी मारून बाजूला झाली म्हणून वाचली, कोपर तेवढं सोलून निघालं. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या काळात आमच्या गल्लीत दुपारी कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. आता तिथं घरांपेक्षा होस्टेलं जास्त. डॉक्टर व्हायला आलेली पोरं-पोरी बॅच सुटली की घोळक्यानं जातात; अर्ध्यांचं डोकं पुस्तकात, अर्ध्यांचं मोबाईलमध्ये. अशाच पोरांना नांदेडच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवून मी पोट भरते, त्यामुळं मला बोलायला फारशी जागा नाही.

तर ती मुलगी रडत म्हणाली होती, "काका, मी केवढ्यांदा ओरडले!" अण्णा भडकले. "खोटं बोलू नगंस. वरडली असतीस तर मला ऐकू आलं असतं." भर गल्लीत, सगळ्यांसमोर. सायकल त्यांनी दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करून दिली. गाडीला पार्किंग सेन्सरचं कीट बसवायचं माझं म्हणणंही कुरकुरत ऐकलं. पण मुलगी खोटारडी, हे मत काही बदललं नाही.

ऐकण्याच्या बाबतीत अण्णांना कुणी बोलायचं नाही, हा आमच्या घरातला कायदाच होता. भूकंप झाला त्या दिवशी त्यांना किल्लारीकडच्या गावांत तुटलेल्या तारा बघायला पाठवलं होतं. तारा राहिल्या बाजूला. ढिगाऱ्यांवर पालथं पडून ते दगडांना कान लावायचे आणि हात वर करून बाकीच्यांना गप्प करायचे. एका ढिगाखाली त्यांना लेकरू रडल्याचं ऐकू आलं. दुसऱ्या कुणालाच आलं नव्हतं. लोक म्हणाले, पुढं चला. अण्णा हलले नाहीत. ते लेकरू जिवंत निघालं. "मी कान लावून सांगायचो, हितं हाय, हितं न्हाई. मग लोक तसं खणायचे," हे आम्ही शंभरदा ऐकलंय, आणि शंभरही वेळा माझ्या अंगावर काटा आलाय.

अलीकडं आई म्हणायची, "चार हाका मारल्याबिगर ओ देत नाहीत." मी म्हणायची, "आधी तरी कधी देत होते?" आणि दोघी हसायचो. हसायचो, म्हणजे बघा.

घरी पोचले तर गाडी अंगणात, डिक्की उघडी. सतरा वर्षांची डिझेल गाडी, टपावरचा रंग उडालेला. पण काम असं सुबक केलं होतं की माझा राग अर्धा तिथंच गेला. बंपरला एका रेषेत चार गोल भोकं, त्यात चार सेन्सर. वायरी क्लिपा मारून आत नेलेल्या, कंट्रोलचा डबा डिक्कीच्या कडेला, बझर मागच्या काचेखालच्या फळीवर. गाडी रिव्हर्सला टाकली की मागच्या पांढऱ्या दिव्याच्या वायरीतून डब्याला करंट मिळतो. सेन्सर आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतात, तो अडथळ्यावर आपटून परत आला की बझर वाजतो. हे मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते.

टेस्ट लॅम्प घेऊन मी एकेक वायर तपासली. रिव्हर्सला करंट येत होता. सेन्सरची टोकं घट्ट होती. अर्थिंगची वायर जिथं स्क्रूनं आवळली होती तिथं मात्र खाली गंज दिसला.

"सापडलं!" मी म्हणाले. "हे तुमचं दोन कीटांचं भूत."

"घासला हुता मी त्यो," अण्णा पुटपुटले. त्यांचं तोंड एवढंसं झालं. मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

गंज खरवडून स्क्रू पुन्हा आवळला, डिक्की लावली आणि हुकूम सोडला. "आता मी मागं भिंतीला टेकून उभी राहते. तुम्ही आरशात बघायचं नाही, मान वळवायची नाही. फक्त आवाजावर. वाजलं की ब्रेक."

ओट्यावरून आई ओरडली, "अगं बादली ठेव की मागं! स्वतः कशाला उभी राहतीस?"

"काही होत नाही गं." मास्तरीण ना मी. माज.

गाडी मागं यायला लागली. काचा वर होत्या, इंजिन खडखडत होतं, मला आतलं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. सहा फूट. आता वाजलं असेल. चार फूट. आता थांबतील. अण्णांचं डोकं समोर, ताठ, मी सांगितलं होतं अगदी तसं. तीन फूट. "अण्णा!" मी ओरडले. "अण्णा, थांबा!" तिकडून आई किंचाळली. बाजूला सरकावं, एवढी साधी गोष्ट माझ्या पायांना सुचेना. मी दोन्ही तळहात डिक्कीवर आपटले, जीव खाऊन आपटले, तेव्हा कुठं गाडी हिसका देऊन थांबली. बंपर माझ्या गुडघ्यांना टेकला होता. नडग्यांवर गरम धूर येत होता.

अण्णा उतरले. "बघ, न्हाई वाजलं. म्हणलं हुतं का न्हाई?" मग माझा चेहरा दिसला तसे धावत आले. "लागलं का गं माय?"

"मी ओरडत होते की!"

"कवा?"

त्या "कवा"लाच मला कळायला हवं होतं. मी नुसती चिडले. "सरका. मी बसते."

आईनं न सांगता मागं बादली आणून ठेवली. मी स्टेअरिंगवर बसले, अण्णा शेजारी. दारं उघडीच होती. मी गाडी पुढं घेतली, मग रिव्हर्स टाकून थोडी मागं आणली.

बझर असा कर्कश वाजला की मी सीटवर दचकले. तुटक-तुटक, मग सलग. कानात सुई गेल्यासारखा. मी अण्णांकडं बघितलं. ते मान जराशी तिरकी करून, शांतपणे वाट बघत बसले होते.

"बघ," ते म्हणाले. "न्हाईच."

एकदा वाटलं, गिअर काढून टाकावा आणि म्हणावं, हो अण्णा, हेही कीट डबडंच आहे. त्यांची मान ताठ राहिली असती. पण तेवढ्यात रविवारची टेस्ट सुटली आणि फाटकासमोरून पोरं जायला लागली. एकीनं दुसरीची वेणी ओढली, दोघी खिदळत फाटकाला धडकल्या. उद्या हीच गाडी याच फाटकातून मागं जाणार होती.

"अण्णा, वाजतंय."

"काय?"

"बझर वाजतोय. लई जोरात वाजतोय."

"मस्करी करायलीस का?" ते हसले. हसता हसता त्यांनी ओट्याकडं बघितलं. आईनं दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

अण्णा उतरले. मागचं दार उघडलं, वाकले आणि त्या फळीवर कान टेकवला. डोळे मिटून घेतले. एक हात वर केला, आम्हाला गप्प करायला. आम्ही गप्पच होतो. एवढी वर्षं नुसतं ऐकलेलं, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

"हाय," ते बऱ्याच वेळानं म्हणाले. "बारीक हाय. लांबून आल्यावानी."

मी गिअर काढला. बझर बंद झाला. अण्णांचा कान तिथंच.

"आता थांबला का?" त्यांनी विचारलं.

"हो."

ते सरळ झाले आणि मागच्या सीटच्या कडेला पाय बाहेर सोडून बसले. "म्हंजे ती पोरगी वरडली हुती."

"हो अण्णा."

पोरांचा घोळका निघून गेला. अण्णा हाताचा पंजा बघत होते. "मग तवा…" ते म्हणाले. "जिथं जिथं मी म्हणलो, हितं कुणी न्हाई, चला फुडं…"

मला रडू आलं. ते दाबून मी भराभर बोलायला लागले, वर्गात बोलते तशी. वयानं उंच पट्टीचे आवाज आधी जातात, तेव्हा तुम्ही चाळिशीतही नव्हता, तेव्हा कान धडधाकट होते, लेकराचं ऐकलंतच की. जनरेटरशेजारी वर्षानुवर्षं राबणाऱ्याचे कान नेमके कधीपासून जायला लागतात, ते मला ठाऊक नव्हतं. ते मी बोलले नाही.

"नक्की का?"

"नक्की."

गाडीची किल्ली मी काढून घेतली. त्यांनी मागितली नाही. चपला घालून फाटकाकडं निघाले.

"कुठं निघालात?" आईनं मोठ्यांदा विचारलं.

"त्या पोरीच्या होस्टेलला. भर गल्लीत खोटारडी म्हणलोय तिला." फाटकाची कडी काढून ते थांबले आणि माझ्याकडं वळले. "तू बी चल संगं. ती हळू बोलली तर मला कोण सांगंल?"