अख्खं डांगर

डांगराच्या भाजीत मेथीदाण्याची फोडणी पडली की त्या वासानं मला कॉलेजात असतानाची एक संध्याकाळ आठवते. सोसायटीत हॅलोविन होतं. एरवी मीटिंगमध्ये गप्प बसणारी मी त्या वेळी पहिल्यांदाच बोलले होते, की प्लास्टिकचं भूत नको, मी खरं डांगर कोरून त्यात पणती ठेवते. डांगर ओट्यावर ठेवून सुरी उचलली, तर आई म्हणाली, "अगं, अख्खं डांगर बाईनं कापू नये. बाबांना पहिली सुरी लावू दे, मग कर त्याचं भूत." बाबा सातपूरला कंपनीत, आणि नेमका ओव्हरटाइम लागलेला. खालून मुलं ओरडत होती, "ताई, भूत कधी येणार?" आई ओट्यापासून हलेना. मी त्या गार सालीवर पेनानं डोळे काढत बसले. शेवटी कुणीतरी द्वारका चौकातल्या दुकानातून प्लास्टिकचं भूत आणून टांगलं. बाबांनी आल्याआल्या डांगर कापलं, "घे, कोर आता," म्हणाले, तेव्हा खाली खुर्च्या उचलत होते. आता मी एकटी राहते, अडवायला कुणी नाही. तरी भाजीवाल्याकडे अख्ख्या डांगराला माझा हात लागत नाही. "दादा, कापलेली फोड द्या," एवढंच तोंडातून निघतं.